गोपीनाथचं मुंडकं

लाकडाच्या माणसाचं नाक कापलं गेलं तर ते फेव्हिकॉलने परत चिकटवता येतं. हे मी आमच्या हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरंय बाई त्यांचं," आणि डबा घेऊन शाळेत निघून गेली.

ही म्हणजे इंदिरा. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. मिल बंद झाल्यापासून ती साडेदहाला घराबाहेर पडायची आणि मी घरात राहायचो. त्याआधी तेवीस वर्षं नेमकं उलट होतं, म्हणजे ती शाळेत असायचीच, पण मीही घरात नसायचो. मला घरात कुठे बसायचं हेच ठाऊक नव्हतं. स्वैपाकघरात बसलो तर कामवाली लाजायची आणि ओसरीवर बसलो तर येणारा-जाणारा प्रत्येक जण "काय, आज सुट्टी?" असं विचारायचा. दोन वर्षं रोज हाच सवाल. इंदूरच्या लोकांची स्मरणशक्ती सोयीनुसार काम करते.

मी मिलच्या टाइम ऑफिसात होतो. गेटापाशी एक खिडकी होती. तिच्याआड बसून कोण आला, कोण नाही आला, कोण उशिरा आला आणि कोण दुसऱ्याच्या नावावर आला हे बघायचं. खिडकी एवढीशी. तिच्यात माणसाचा नुसता चेहरा मावायचा. तीन पाळ्या मिळून दोन हजार चेहरे, आणि बिल्ला बघायची मला कधी गरज पडली नाही. सगळे मला टाइमबाबू म्हणत. मग ब्याण्णव साली एका सोमवारी गेटावर नोटीस लागली आणि माझे दोन हजार चेहरे एकाच दिवशी गैरहजर झाले.

कोरीवकाम मी शिकलो कुठे, असं विचाराल तर कुठेच नाही. मिलच्या सुतारखात्यातला एक मिस्त्री गावी जाताना आपल्या पटाश्या आणि ठोकायची एक मोगरी माझ्याकडे ठेवून गेला होता. "संभालना बाबूजी, लौट के लूंगा," म्हणाला. तो काही लौटला नाही. पटाश्यांना गंज चढू लागला. दुसऱ्याची अमानत गंजू देणं बरं नाही, म्हणून आधी मी त्यांना धार लावली. धार लागल्यावर ती बघायला एक लाकूड घेतलं. इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे, पण सुरुवातीला नव्हतो, एवढं नोंदवून ठेवतो.

पहिला चेहरा देवीचा करायचा बेत होता. समोरच्या सुलोचनाबाई विरजण मागायला आल्या आणि त्या ठोकळ्याकडे पाहून जागच्या जागी थिजल्या.

"अगंबाई! आमच्या सासूबाई!"

त्यांच्या सासूबाई वारून नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही या कॉलनीत आलो सहा वर्षांपूर्वी. मी हे सांगून पाहिलं. पण सुलोचनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. त्या "सेम टू सेम, सेम टू सेम" म्हणत तो ठोकळा विरजणासकट घेऊन गेल्या. चौथ्या दिवशी तो परत घेऊन आल्या.

"का हो? आवडल्या नाहीत?"

"आवडल्या. पण मी फोडणी घालताना बघत राहतात," त्या म्हणाल्या.

दुसरा चेहरा मी ठरवून हसरा करायला घेतला. ओठांचे कोपरे वर घेतले. गाल फुगवले. तयार झाल्यावर शेजारच्या उदयसिंहांनी तो हातात धरून लांब-जवळ करून पाहिला. उदयसिंहांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. ते स्वतः विमा कंपनीतून रिटायर झाले होते, पण बोलायचे घोड्यावरूनच.

"दाढ दुखते है क्या इसकी?" त्यांनी विचारलं.

"हसतोय तो."

"भिया, हा हसत असेल तर मग रडणार कसा? तुम्ही ना, हे रडकं काम सोडून द्या. आता मार्केट खुला झालंय. सगळीकडे नवीन नवीन चीजा येतायत. लोकांना खुशी पाहिजे, खुशी! गणपती करा, हत्ती करा. हत्तीला बघून कोणी रडत नाही. नाहीतर सीधं माझ्यासारखं एसटीडी बूथ टाका."

ते तेव्हा खरोखरच बूथ टाकत होते. त्यासाठी त्यांनी ओसरी पाडायला काढली होती आणि ओसरीचा सागवानी खांब अंगणात आडवा पडला होता. मांडीएवढा जाड, काळाभोर, आतून मधासारखा. मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती उदयसिंहांना कळली असावी. "घेऊन जा," ते म्हणाले, "बूथमध्ये खांबाचं काय काम? तिथं शटर लागणार." आम्ही दोघांनी मिळून खांबाचा दोन हातांचा तुकडा कापला आणि माझ्या घरी आणला. कापताना ते धरायला होते, हे लक्षात ठेवा. मला पुढे हे सिद्ध करता आलं नाही.

एवढं चांगलं लाकूड हाती आल्यावर त्यात कुणाचा तरी खरा चेहरा करावा असं वाटलं. हसरा चेहरा म्हटल्यावर मला एकच आठवला. गोपीनाथ, साचाखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या खात्यातला जॉबर, मुकादम. हजेरी मोजायला मी खात्यात जायचो तेव्हा चारशे मागांचा तो खडखडाट कानांत मावत नसे. तिथं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून वाचतात आणि चेहऱ्याने बोलतात. शिवी द्यायची तर भुवयांनी, चहाला बोलवायचं तर नाकाने. त्या सगळ्यांत गोपीनाथचा चेहरा म्हणजे लाउडस्पीकर. तो हसला की खात्याच्या त्या टोकाचा माणूस, काय झालं ते न कळता, हसायला लागायचा. मिशा पसरायच्या, डोळे मिटून दोन रेघा व्हायच्या आणि पुढचे दोन दात, मध्ये फट असलेले, उघडे पडायचे. मिल बंद झाल्यावर तो बायकोला घेऊन सांवेरला, तिच्या भावाकडे राहायला गेला. पोहोचवायला मी बसस्टँडवर गेलो होतो. "येतो एकदा," मी म्हणालो होतो. अशा वेळी माणूस तेच म्हणतो.

चार महिने लागले. दातांमधली ती फट करताना दोनदा श्वास रोखून बसलो. पण या वेळी जमलं. हे मी म्हणत नाही, इंदिरा म्हणाली. शाळेतून आली, पिशवी ठेवली, त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाहता पाहता स्वतःच हसायला लागली. दोन वर्षांत आमच्या घरात असा आवाज झाला नव्हता. मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, हे त्यांना नेऊन द्या."

खरं तर पॉलिश वाळायला अजून दोन दिवस हवे होते. पण मला आता दम निघेना. मी तांबूस पॉलिशचा शेवटचा हात मारला, जुन्या पंच्यात मुंडकं गुंडाळलं, जाळीच्या पिशवीत ठेवलं आणि सांवेरच्या बसमध्ये जाऊन बसलो.

बस शहराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. शेजारी एक म्हातारी लसणाचं गाठोडं घेऊन बसली होती. तिने माझी विचारपूस केली, मुलंबाळं किती ते विचारलं, आणि मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. पंच्याला तांबडे डाग पडले होते. पॉलिश ओलंच होतं. बस खड्ड्यात आदळली, पंचा सरकला आणि एक कान, अर्धी मिशी आणि दोन दात बाहेर आले.

म्हातारी अशी किंचाळली की मला चारशे मागांची आठवण झाली. "मुंडी! मुंडी लई जई रियो हे!" बस थांबली. पुढचे मागे आणि मागचे पुढे पळाले. मी उभा राहून "लकडी का है, लकडी का है" असं म्हणत मुंडकं वर धरलं. आता विचार करतो तर तेच चुकलं. वर धरल्यावर ते सगळ्या बसला दिसलं. कंडक्टर खिडकीतून उतरला. ड्रायव्हर मात्र डोक्याचा शांत. त्याने मागे न बघता गिअर टाकला आणि बस सरळ वाटेतल्या ठाण्याच्या आवारात नेऊन उभी केली.

हवालदाराने काठीच्या टोकाने पंचा बाजूला केला. बराच वेळ बघितलं.

"ये तो हँस रहा है," तो म्हणाला.

"जी."

"किसका सिर है?"

इथं माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीने घात केला. खिडकीपलीकडून चेहरा दिसला की नाव सांगायचं, ही सवय. मी ताडकन म्हणालो, "गोपीनाथ का."

त्याने लिहून घेतलं. नंतर त्याने बोटाने टिचकी मारून पाहिलं, लाकूड आहे याची खातरी केली आणि थोडा निराश झाला. पण सुटका झाली नाही. लाकूड असलं तरी सागवान आहे, आणि सागवान म्हणजे ठाण्याचा नव्हे, जंगलखात्याचा मामला. त्यांचं ऑफिस शेजारीच होतं. म्हातारी आणि मागून धापा टाकत आलेला कंडक्टर साक्षीदार. पंचनामा झाला: "मानव सिर, सागौन, नग एक, मूँछ सहित, हँसता हुआ, गोपीनाथ का." खाली माझी सही. मुंडकं जप्त झालं. मला एक पावती मिळाली आणि त्या बसने मला परत घेतलं नाही.

जंगलखात्याच्या ऑफिसात मी त्यानंतर सहा वेळा गेलो. तिथले रेंजरसाहेब सज्जन होते, पण कागदाबाहेर बघत नसत. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, लाकूड कुठून आलं त्याचा दाखला.

मी उदयसिंहांकडे गेलो. बूथ तयार झालं होतं, पिवळा बोर्ड लागला होता आणि ते आत काचेच्या पेटीत बसले होते.

"तुमच्या खांबाबद्दल दोन ओळी लिहून द्या," मी म्हणालो.

"कौनसा खंबा?"

"ओसरीचा."

"कौनसी ओसरी?"

त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "भिया, समझा करो. ओसरी पाडायची परमिशन घेतलेली नाही ना मी. कागदावर खांब आला की कागदावर ओसरी येणार, ओसरी आली की महापालिकावाले येणार. माझ्याकडे खांब नव्हता. कधीच नव्हता. वाटलं तर फोन करून घ्या, एक कॉल फ्री." ज्यांचे पूर्वज तलवार घेऊन लढले ते काचेच्या पेटीत घाम पुसत होते. मी फोन न करता परत आलो. कुणाला करणार होतो?

शेवटी ऑफिसातल्या ज्ञानदीप नावाच्या क्लार्कने वाट काढली. हा महूचा, चांगलं मराठी बोलायचा. म्हणाला, "काका, खांबाचं जाऊ द्या. जुनं घरगुती लाकूड म्हणून अर्ज करा, मी टिपणी ठेवतो. खरी झंझट दुसरीच आहे. ठाण्याच्या कागदावर 'गोपीनाथ का सिर' लिहून आलंय. ते खोडायचा अधिकार आम्हाला नाही. साहेब म्हणतात, गोपीनाथ जिवंत आहे आणि हा चेहरा त्याचाच आहे अशी शिनाख्त, म्हणजे ओळख, पटल्याशिवाय फाइल बंद होत नाही."

"अहो, लाकडाचं आहे ते!"

"मला दिसतंय, काका. पण फाइलला दिसत नाही. आमचे आजोबा पलटणीत होते. ते म्हणायचे, कागदावर मेलेला माणूस घरी जेवायला आला तरी त्याला वाढता येत नाही."

तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या कपाटावर गेली. जप्त केलेल्या कुऱ्हाडी, बांबूचे भारे, आणि त्यांच्या मध्ये गोपीनाथ. डोक्यावर कुणीतरी आपली माकडटोपी वाळत घातली होती. चार महिने खपून मी तो चेहरा केला होता. मी उठलो, टोपी काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की छत्री आतच राहिली. परत आत जायला लाज वाटली. ती छत्री बहुधा अजून तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी सांवेरला गेलो. रिकाम्या हाताने, तरी बसमध्ये जीव मुठीत धरून.

घर सापडलं. मोठं घर, अंगणात ट्रॅक्टर, सोयाबीनची पोती. एका बाजूला पत्र्याच्या सावलीत खाटेवर एक म्हातारा बसला होता. मिशी नाही, गाल आत गेलेले, गुडघ्यांवर हात. मी त्याला विचारलं, "बाबा, गोपीनाथ आहे का घरात?"

त्याने वर पाहिलं. ओठ हलले. आवाज आला नाही. मग जणू आठवल्यासारखं त्याने पुन्हा, आवाजासकट म्हटलं, "मीच की हो, टाइमबाबू."

तेवीस वर्षांत माझी एकही ओळख चुकली नव्हती. मी खाटेच्या कडेला बसलो. ऊन फार आहे असं म्हणालो. त्यानेही हो म्हटलं.

आतून द्वारकाबाई, त्याची बायको, पाणी घेऊन आल्या. त्याच्यादेखतच बोलू लागल्या, जसं आजारी माणसासमोर बोलतात तसं. "हे असेच बसतात. भाऊ म्हणतो दुकानावर या, गल्ल्यावर बसा. जात नाहीत. म्हणतात इथं फार शांत आहे, कानात दुखतं. पुढचे दात पडले, बसवून घ्या म्हटलं तर म्हणतात, कशाला. मिशी एके दिवशी आपण होऊन काढून टाकली. दीड वर्षात वेशीबाहेर गेलेले नाहीत."

मी सगळी हकीकत सांगितली. म्हातारीचं गाठोडं, कंडक्टर, हवालदार, माकडटोपी, सगळं. मिलमध्ये असताना एवढ्या गोष्टीवर गोपीनाथने खाटेवरून लोळण घेतली असती. त्याने नीट ऐकलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे तुम्हाला सहा फेऱ्या पडल्या." आणि चपला घालू लागला.

द्वारकाबाई दीड वर्षांनी त्याला चपला घालताना बघत होत्या. त्यांनी भावाला विचारलं नाही, दाराला कडी घातली, डब्यात चार पोळ्या टाकल्या आणि त्याही निघाल्या.

ऑफिसात द्वारकाबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, कारण शिनाख्त फक्त इसमाची होती. ज्ञानदीपने मुंडकं टेबलावर आणून ठेवलं आणि त्याच्या शेजारी गोपीनाथला उभं केलं. रेंजरसाहेबांनी चष्मा लावला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. पुन्हा इकडे.

"मिल नहीं रहा," ते म्हणाले.

"साहेब, दोन वर्षांपूर्वीचा आहे," मी म्हणालो.

"इसमें मूँछ है."

"काढली त्याने."

"दाँत हैं."

"पडले."

"और ये हँस रहा है." त्यांनी पंचनामा वर धरला. "लिखा है, हँसता हुआ." मग त्यांनी अगदी सभ्यपणे, फोटो काढणारा म्हणतो तसं, गोपीनाथला म्हटलं, "आप थोड़ा हँस के दिखाइए."

गोपीनाथने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने प्रयत्न केला. ओठ ताणले. गाल वर गेले नाहीत, नुसतेच थरथरले. डोळे उघडेच राहिले. त्याने एकदा सोडून पुन्हा प्रयत्न केला, मनापासून, अर्ज भरताना माणूस करतो तसा. टेबलावरचा तो दुसरा खदखदून हसत होता आणि त्याच्या बाजूला हा. रेंजरसाहेबांनी चष्मा काढला आणि काच पुसायला लागले. ज्ञानदीप खिडकीबाहेर बघू लागला. मला वाटलं, त्या मिस्त्रीच्या पटाश्या गंजल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

"रहने दीजिए," साहेब म्हणाले.

तेवढ्यात द्वारकाबाई डबा घेऊन दारात आल्या. खूप वेळ झाला, यांनी काही खाल्लं नाही, एवढं सांगायला आल्या होत्या. त्यांची नजर टेबलावर गेली. त्या तशाच चालत आत आल्या. डबा खुर्चीवर ठेवला. त्या मुंडक्याच्या मिशीवर धूळ बसली होती. त्यांनी पदराच्या टोकाने मिशी पुसली, मग कपाळ, मग दातांमधली फट. पुसून झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांत ते मुंडकं धरलं आणि म्हणाल्या, "हे आमचे मालक."

साहेबांनी गोपीनाथकडे बोट केलं. "तो फिर ये कौन हैं?"

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हेही तेच," त्या म्हणाल्या. "हे आत्ताचे."

ज्ञानदीपने ते साहेबांना हिंदीत सांगायला तोंड उघडलं. "समझ गया," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मुंडकं द्वारकाबाईंच्या मांडीवर होतं. टपरीवाला दोनदा बघून गेला. गोपीनाथने एक बोट लांब करून त्या मिटलेल्या डोळ्यांवरून फिरवलं.

"टाइमबाबू, मी असा हसायचो?"

"असाच."

"आवाज कसा होता हो? मला आठवतच नाही."

मी सांगायला गेलो आणि अडकलो. साचाखात्यात कुणाला ऐकू येत होतं? "मोठा होता," मी म्हणालो. अंदाजाने.

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "मला आत्ताचा करून द्या."

"काही नको," द्वारकाबाई म्हणाल्या. "तो मी रोज बघते." आणि बस आली तशी मुंडकं काखेत मारून त्या पुढे चढल्यादेखील. ते आता सांवेरला त्यांच्या भावाच्या दिवाणखान्यात, टीव्हीवर आहे असं ऐकतो. भावाला पसंत नाही. त्याला इलाज नाही.

पुढच्या गुरुवारी अकराच्या सुमाराला मी ओसरीवर बसलो होतो. "काय, आज सुट्टी?" विचारणारे दोघे-तिघे जाऊन झाले होते. फाटक वाजलं. गोपीनाथ उभा होता. एकटा. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. समोरच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "करा."

मी या वेळी कडुलिंबाचा ठोकळा घेतला. कडुलिंबाला कुठलाही परवाना लागत नाही, ज्ञानदीपला विचारून घेतलं होतं. पहिल्या दिवशी तो दोन वाजेपर्यंत बसला. एकूण बोलणं सहा वाक्यं. पुढच्या गुरुवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. सुलोचनाबाईंनी लांबून बघून "हे आमच्यातले कुणी वाटत नाहीत" असा निर्वाळा दिला. उदयसिंह एकदा कुंपणाशी येऊन "भिया, थोडी मुस्कान—" एवढं म्हणाले, गोपीनाथने त्यांच्याकडे मान वळवली, आणि ते आत निघून गेले. थोड्या वेळाने स्वतः ट्रे घेऊन आले. तीन कप चहा. पण बसले नाहीत.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी गोपीनाथ आपण होऊन बोलायला लागला. एकशेचौदा नंबरचा माग कसा कायम धागा तोडायचा आणि त्याला शिव्या दिल्या की कसा नीट चालायचा. बोलताना मधूनच त्याचा आवाज बंद व्हायचा आणि नुसते ओठ हलायचे. मी ओठांवरून वाचून घ्यायचो. मला येत होतं ते.

अडचण माझ्या कामाची होती. मागच्या गुरुवारी केलेली सुरकुती या गुरुवारी खोटी वाटायची. मग ती काढायची, म्हणजे तेवढं लाकूड काढायचं. गाल बरोबर आला की डोळा चुकलेला दिसायचा. डोळा दुरुस्त करावा तर कपाळ मागे न्यावं लागायचं. हे पूर्ण खरं नाही. एखादा गुरुवार असाही गेला की सगळं बरोबर जमलेलं होतं, मला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी मी पटाशी उचलली.

इंदिराच्या ते लक्षात आलं. एकदा रविवारी केर काढताना तिने तो ठोकळा उचलून पाहिला. सुरुवातीला माणसाच्या डोक्याएवढा होता, आता कवठाएवढा राहिला होता. "अहो," ती म्हणाली, "अशानं दिवाळीपर्यंत सुपारी होईल याची." मी तो तिच्या हातातून घेतला आणि फडक्यात गुंडाळून ठेवला.

त्यानंतरच्या गुरुवारी गोपीनाथ आला, स्टुलावर बसला, आणि मी फडकं सोडत असताना त्याने हात पुढे केला. आजवर त्याने कधी बघायला मागितलं नव्हतं. त्याने तो चेहरा तळहातावर घेतला. तळहातावर मावत होता. एकदा उजेडाकडे धरला, फिरवला, मागून पाहिला, पुढून पाहिला. मी पटाशी पुसत बसलो. मग त्याने तो माझ्या हातात परत दिला आणि स्टूल जरा पुढे सरकवून, प्रकाश नीट पडेल असा बसला.

"टाइमबाबू," तो म्हणाला, "दुसरा ठोकळा बघून ठेवा."